तेवढा वण नीट काढा

“बोला की सर, तुमचं नाव काढलं की नाही मी?”

हे विचारताना सरांचा विद्यार्थी अभिनंदन मगदूम त्यांच्या टेबलावर जवळजवळ पालथाच पडला होता. लॅपटॉप त्यानं सरांच्या नाकाला लागेल इतका पुढं सरकवला होता.

सर चहाच्या पातेल्यात आलं किसत होते.

“सर…”

“ऐकतोय.”

“ऐकू नका, बघा!”

सरांनी किसणी खाली ठेवली नाही.

मी शेजारच्या टेबलावर होते. माझं नाव कुंदा. हमीद तांबोळी सरांच्या मिरजेतल्या या माडीवरच्या खोलीत मी शिकायला म्हणून आले आणि मग उठलेच नाही. वेबसाइटवाल्यांना लागणारी बारीकसारीक चिन्हं मी काढते. फोनचं, टोपलीचं, घराचं. माणसांची तोंडं सर काढतात.

वेक्टर पोर्ट्रेट म्हणजे काय, हे मला प्रत्येक लग्नात कुणाला ना कुणाला समजवावं लागतं, म्हणून इथंही सांगून टाकते. फोटो ठिपक्यांचा असतो. मोठा केला की फाटतो. वेक्टर चित्र बिंदूंचं असतं आणि ते बिंदू जोडणाऱ्या वळणदार रेघांचं. नखाएवढं करा नाहीतर भिंतीएवढं करा, रेघ तशीच राहते. आता बिंदू कुठं ठेवायचा, हे काही कॉम्प्युटर सांगत नाही. ते सर सांगतात, आणि सरही फारसं सांगत नाहीत.

वेब डिझायनर लोकांसाठी सरांनी हत्यारंही बरीच करून ठेवलीत. रंगांच्या पेट्या, ब्रश, पानांचे तयार साचे. कुणीही घ्या, वापरा. कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘तांबोळी’ एवढंच असतं. ते दिसलं की लोक पुढचं काही तपासत नाहीत.

अभिनंदनच्या नव्या हत्याराचं नाव होतं ‘तांबोळी रेघ’. फोटो टाका, बटण दाबा, सरांच्या हातचं वाटावं असं पोर्ट्रेट तयार. त्यासाठी त्यानं सरांची इतक्या वर्षांची सगळी चित्रं त्यात ओतली होती. सरांनी ती त्याला शिकायला दिली होती. ओतली तर चालतील का, हे त्यानं विचारलं नव्हतं.

त्या दिवशी संध्याकाळी सांगलीत डिझायनर लोकांचा मेळावा होता. तिथं सगळ्यांसमोर हे हत्यार खुलं व्हायचं होतं. सरांचं नाव त्यावर असणार, असं त्यानं आधीच सगळीकडं सांगून ठेवलं होतं. होकार तेवढा राहिला होता. तो घ्यायला हा पठ्ठ्या दुपारी आला, कोरा शर्ट घालून, कॉलरखालची प्लॅस्टिकची पट्टी तशीच ठेवून.

“कुंदाताई, इकडं बघा.”

मी बघितलं तर यानं फोटो काढलासुद्धा. विचारायची पद्धतच नाही.

बटण दाबलं. माझं तोंड स्क्रीनवर आलं. छान आलं, खोटं कशाला बोलू? पण माझ्या नाकावर चष्म्याचा वळ आहे, तो गायब. डोळ्यांखालचं काळं गायब. गळ्याच्या वळ्या गायब.

“ही माझी मामेबहीण आहे,” मी म्हटलं.

“ताई, ती सफाई आहे. आपोआप होते.”

“मी सांगितलं होतं सफाई कर म्हणून?”

“कुणाला नको असते?”

माझं डोकंच फिरलं. पण भांडण त्याचं आणि सरांचं होतं, म्हणून मी माझ्या टोपलीच्या चिन्हाकडं वळले.

“आणखी कुणाची केलीस यावर?” सरांनी विचारलं.

“त्या लोहारबाईंची. तुम्हीच धाडलं होतं ना त्यांना माझ्याकडं? त्यांची अख्खी वेबसाइट केली. पोर्ट्रेट तर चुटकीसरशी झालं.”

किसणी थांबली.

“गेला होतास?”

“कुठं?”

“त्यांच्या शेडवर. चहाला.”

सरांची एक पद्धत आहे. कुणाचंही चित्र काढायच्या आधी त्या माणसासोबत एक चहा प्यायचा. त्या वेळात पेन्सिल हातात धरायची नाही, फोन बाहेर काढायचा नाही, चित्राबद्दल चकार शब्द बोलायचा नाही. नुसतं बसायचं. आम्ही सगळे त्याची चेष्टा करायचो. पण ती पद्धत पाळायचो सगळेच.

“सर, तुमचा तो चहा…” अभिनंदन हसला. “तुम्ही एका तोंडाला आठवडा लावता, त्यातला निम्मा चहात जातो. हे हत्यार तो चहाच वाचवतं! बाईंनी फोटो पाठवला, मी टाकला, झालं काम.”

सर हसले नाहीत. चहा उकळून काठाशी आला होता, तो त्यांनी उतरवला.

“सर, रागावलात का?”

सरांनी ग्लास मांडले.

“रागावला असाल तर तसं सांगा ना! माझं काय चुकलं? तुमची रेघ मी गावोगाव नेतोय. ज्याला चित्र येत नाही, तोही उद्या तुमच्यासारखं काढेल. यापेक्षा गुरूचं नाव काढणं म्हणजे आणखी काय असतं?”

त्याचा आवाज चढला होता. सरांच्या खोलीत आवाज चढवायचा नाही, असा काही नियम नाही. पण आजवर कुणी चढवला नव्हता.

सर काही बोलणार, इतक्यात जिना वाजला. जड बूट होते.

दारात एक बाई उभी राहिली. नऊवारी नाही, पाचवारी, आणि साडीवर पुरुषाचा निळा शर्ट. पायात कारखान्यातले बूट. डाव्या गालावर डोळ्याच्या कोपऱ्यापासून ओठाच्या टोकापर्यंत एक वण होता, जाड, थोडा वाकडा. तो पहिल्यांदा दिसायचा आणि मग बाई दिसायची.

“तांबोळी सर, तुमी मला ज्येच्याकडं धाडलं, त्यो पोरगा कुठाय?”

“या इंदूताई,” सर म्हणाले. “हा काय समोरच.”

अभिनंदन उठला. त्यानं तिला आधी कधीच पाहिलेलं नव्हतं. तरी तोंडभर हसला.

“नमस्कार मॅडम! बसा ना. वेबसाइट कशी वाटली?”

“बसत न्हाई. माझं तोंड कुठं हाय?”

“म्हणजे?”

तिनं फोन त्याच्या समोर धरला. मलाही दिसला. तिच्याच कामाची वेबसाइट, ‘इंदूताई लोहार, गेट, ग्रिल आणि जिने’. खाली निळ्या शर्टातल्या एका बाईचं चित्र. कानातलं तेच, केसांचा भांग तोच, हनुवटीही तीच. गाल मात्र सोललेल्या अंड्यासारखा.

“ही कोन?”

“तुम्हीच, मॅडम.”

“मी? सकाळी एक गिऱ्हाईक आलं शेडवर. बंगल्याच्या जिन्याचं काम. फोनात ह्येच चित्र उगडून मलाच दावतंय आन् म्हणतंय, ‘ह्या मॅडमना बोलवा.’ म्या म्हटलं, मीच की! तर त्यो हसला. म्हणला, ‘बाई, चेष्टा नको, मला उशीर व्हतोय. मालकिणीला बोलवा.’ माझी शेड, माझ्या हातात माझा ग्राइंडर, आन् मी मालकीण न्हाई!”

“मग?” मी विचारलं. मला राहवेना.

“मग काय! गेला निगून. त्येला वाटलं, म्या कामावरची बाई, मालकिणीचं सोंग करतीया.”

अभिनंदनचं हसू जाग्यावरच होतं, पण त्यात आता जीव नव्हता. त्यानं खिशातून फोन काढला आणि भराभरा बोट फिरवलं.

“एक मिनिट मॅडम. हे तुम्हीच लिहिलं होतं. हे बघा, सर, तुम्हीही ऐका.” त्यानं मोठ्यानं वाचलं. “‘चित्र चांगलं काढा. गालावरचा वण तेवढा नीट काढा.’ काढला की मी! नीट काढला. मागमूस ठेवला नाही.”

मला एकदम उमगलं. हसावं, का हातातला माउस त्याच्या टाळक्यात घालावा, तेच कळेना.

“आरं देवा,” इंदूताई म्हणाली. “काढा म्हंजे काढा! चित्र काढत्यात तसा काढा! फोटोत त्यो फिकाट आलावता, म्हणून सांगितलं मी, की तेवढा नीट काढा!”

“डाग काढतात, तेही काढणंच असतं ना मॅडम? मला कसं कळणार?”

“त्यो डाग न्हाई!”

“सर, तुम्हीच सांगा.” अभिनंदन सरांकडं वळला. “शब्द एकच आहे की नाही?”

“एकच आहे.”

“दोन्ही अर्थ होतात की नाही?”

“होतात.”

“मग यात माझी चूक कुठं आहे?”

सर ग्लासात चहा गाळायला लागले.

उत्तर मिळालं नाही की काही लोकांना वाटतं, आपण जिंकलो. अभिनंदन त्यातला. तो खुर्चीत मागं रेलला आणि समजुतीच्या सुरात बोलायला लागला. त्या सुराची मला अजून चीड येते.

“आणि मॅडम, खरं सांगू का? झालं ते चांगलंच झालं. आपण वेबसाइट कशासाठी करतो? लोकांना बघून बरं वाटावं म्हणून. स्वच्छ चेहरा असला की…”

“स्वच्छ?”

ती हळू बोलली, पण मी टेबल घट्ट धरलं.

“स्वच्छ म्हणलास न्हवं? म्हंजे ही फोनातली स्वच्छ. आन् मी? मी घाण हाय?”

“तसं नाही हो मॅडम…”

“मग कसं? बोल की!”

सरांनी हातातला ग्लास टेबलावर ठेवला. ठेवला कसला, आपटला. चहा माझ्या कागदांपर्यंत उडाला. इतकी वर्षं मी त्या खोलीत बसते, सरांच्या हातून थेंब सांडलेला मी पाहिला नव्हता.

पण बोलली ती इंदूताई.

“माझा नवरा दुबईला गेला, आन् शेड बंद पडायला आली. कामगार कामावर यायचं बंद झालं. म्हणून म्या ग्राइंडर हातात घेतला. पैल्याच म्हैन्यात त्येचं चाक फुटलं आन् तुकडा हितं घुसला. समदी म्हणली, ‘बग, सांगत हुतो, ह्ये बाईचं काम न्हवं.’ गालाला टाकं आसतानाच मी परत शेडवर गेले. गेट पुरं केलं. त्या दिसापासनं शेडवर माझं नाव लागलं. ह्यो वण हाय म्हणून माझं नाव हाय तितं, कळलं का?”

अभिनंदन खाली बघत होता.

“आन् काल माझ्या सासूनं तुझं ह्ये चित्र बघितलं. जलमभर मला म्हणत आली, पदर वड, पदर वड. काल म्हणती कशी, ‘बग गं इंदे, कशी ग्वाड दिसली असतीस!’” तिचा आवाज फाटला. “असतीस! म्हंजे मी हाय ती कोन?”

मला रडू आलं नाही. रागच आला, इतका की कान तापले. मला वाटलं, आता तरी हा दोन शब्द नीट बोलेल.

तर हा लालबुंद होऊन म्हणतो, “ठीक आहे! वण पाहिजे ना? आत्ता देतो. त्यात काय एवढं!”

त्यानं लॅपटॉप ओढला. त्याच्या हत्यारात तयार वस्तूंचा एक कप्पा आहे. टोप्या, मिशा, चष्मे, टिकल्या. त्यातच जखमा आणि वणही आहेत, खेळांतल्या गुंडांच्या तोंडावर लावायला केलेले. त्यानं त्यातला एक उचलला आणि त्या गुळगुळीत गालावर नेऊन सोडला. ओढून लांब केला. रंग थोडा उतरवला.

“घ्या.”

इंदूताई वाकून बघायला लागली.

“ह्यो कुणाचा?”

“वण आहे मॅडम.”

“वण हाय, ते दिसतंय. कुणाचा हाय?”

तो वणाचा रंग आणखी उतरवायला लागला.

“आन् ह्यो उजव्या गालावर हाय,” ती म्हणाली. “माझा डाव्या गालावर हाय. मी तुझ्या म्होरं उभी हाय, बाबा. माझ्याकडं बगून तरी लावायचास.”

तिनं पाठवलेला फोटो सेल्फी होता, आणि त्यात फिका वण ज्या गालावर दिसत होता, तिथंच यानं हा लावला होता. तिच्या फोनच्या सेल्फीत आरशासारखं डावं-उजवं उलटं पडतं. अख्खं तोंडच उलटं उतरलं होतं आणि यानं ते तसंच जगापुढं मांडलं होतं. बाई हाकेच्या अंतरावरही नव्हती, हाताच्या अंतरावर होती. वण लावताना यानं एकदाही मान वर केली नव्हती.

सर उठले.

त्यांनी लॅपटॉप उचलला आणि स्क्रीन भिंतीकडं करून ठेवला. टेबल पुसलं. एक ग्लास इंदूताईपुढं ठेवला, एक अभिनंदनपुढं. स्टूल पायानं सरकवून तिच्या बरोबर समोर आणलं.

“बस.”

“सर, मेळावा आहे, मला निघायला…”

“बस.”

तो बसला. इंदूताईही बसली, कशीबशी, खुर्चीच्या कडेवर.

“काय करू?”

“चहा पी.”

“आणि?”

“बघ.”

“किती वेळ?”

सरांनी गाळणी धुवायला घेतली…

अभिनंदननं आधी ग्लासाकडं बघितलं. मग खिडकीकडं. मग माझ्याकडं, की ताई काहीतरी बोलतील आणि सोडवतील. मी मुळीच बोलले नाही. माझ्या नाकावरचा वळ अजून मला परत मिळायचा होता.

“बग की!” इंदूताई खेकसली. “सकाळपासनं समदी फोनातल्या बाईला बगत्यात. तू मला बग.”

त्यानं बघितलं. लगेच नजर काढून घेतली. पुन्हा बघितलं.

फार अवघड गेलं त्याला. ते दिसत होतं. जांघेत काटा रुतल्यासारखा चुळबुळत होता. मधेच कपाळ पुसलं. तीही त्याला सोडत नव्हती, डोळ्याला डोळा लावून बसली होती. चहावर साय धरायला लागली. खाली रस्त्यावर कुणीतरी हातगाडीवाला पेरू ओरडत गेला.

“दुखतो का?” त्यानं विचारलं.

“थंडीत वडतो.”

…

“सुरू कुठून होतो तो? डोळ्यापासून?”

“डोळ्याच्या जरा खालनं. डॉक्टर म्हणला, नशीब.”

…

“हसताना ओठ तिकडं ओढला जातो का?”

“जात आसंल. मला काय ठावं? आज हसण्यासारखं काय ठेवलंस तू?”

ती त्याच्याकडं बघत होती आणि बघता बघता तिचं लक्ष त्याच्या मानेकडं गेलं. तिनं डोळे बारीक केले.

“आरं, ती पट्टी तरी काढ की!”

अभिनंदनचा हात कॉलरकडं गेला आणि अर्ध्यात थांबला. चेहरा एकदम घाबरा झाला.

“काढू म्हणजे…” तो म्हणाला. “काढून टाकू ना?”

इंदूताईला हसू फुटलं. आवरेना तिला. मलाही आवरेना. ती हसली तेव्हा डावा ओठ आधी वर गेला आणि वणानं गाल सोबत ओढून नेला, आणि मग उजवीकडचं हसू मागून आलं. हसू तिच्या तोंडावर वणाच्या बाजूनं यायचं.

अभिनंदन हसत नव्हता. तो बघत होता. कॉलरची पट्टी तशीच राहिली.

“सर, लॅपटॉप घेऊ?”

“चहा संपव.”

त्यानं थंड चहा सायीसकट एका घोटात संपवला. मग स्क्रीन सरळ केली. ‘तांबोळी रेघ’ बंद केलं. कोरं पान उघडलं.

पहिली रेघ वाईट आली. मला वाटलं, आता हा लॅपटॉप आपटतो. दात खाऊन बसला होता. “एका रेघेसाठी…” असं काहीतरी पुटपुटला, पण पुरं बोलला नाही. ती रेघ त्यानं पुसली. पुन्हा घातली, पुन्हा पुसली. सर त्याच्याकडं बघतसुद्धा नव्हते, ग्लास विसळत होते.

मग त्यानं एक बिंदू तिच्या डोळ्याच्या जरा खाली ठेवला. आणि माउसवरचा हात तसाच ठेवून मान वळवली.

“ताई, इथून?”

पहिल्यांदा तो तिला ताई म्हणाला. तिच्या ते लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

“जरा भाईर घे.”

“इथं?”

“हां. आन् खाली येताना सरळ न्हाई येत त्यो. वाकतो.”

“कुठं वाकतो?”

तिनं स्वतःच्या गालावरून बोट फिरवून दाखवलं. ते बोट काळं होतं, तेलाचं. अभिनंदनची मान त्या बोटाबरोबर वळली. मग त्यानं वण ओढला, एका दमात, वरून खाली ओठापर्यंत. आणि ओठाची रेघ तिथूनच पुढं काढली, हात न उचलता.

बाकीचं तोंड त्यानं त्या रेघेभोवती उभं केलं. कानातलं वाकडं झालं, मानेचं काही खरं नव्हतं. सरांच्या हाताची सर त्याला नव्हतीच. पण रस्त्यात भेटली असती तर मी त्या बाईला हाक मारली असती.

इंदूताई स्क्रीनजवळ वाकली.

“ह्यो माझा हाय,” ती म्हणाली.

अभिनंदननं श्वास सोडला.

“खूश झालास व्हय?” ती त्याच्यावर पुन्हा उसळली. “ह्येच आदी आला आसतास शेडवर, तर माझं गिऱ्हाईक गेलं नसतं. सासूनं ते ‘असतीस’ म्हणलं नसतं. ते काय आता परत घेता येतंय?”

“नाही.”

“मग? आजच लाव ह्ये. उद्या न्हाई. त्यो माणूस परत आला, तर त्येला मीच दिसले पायजे.”

“लावतो, ताई. आत्ताच लावतो. आणि ताई… माझं चुकलं.”

“चुकलंच,” ती म्हणाली.

तिनं चहाचा रिकामा ग्लास सरांकडं दिला, सरांना मान लववून नमस्कार केला आणि गेली. जिन्यावर बूट वाजत खाली गेले.

अभिनंदननं जुनं चित्र खाली उतरवलं आणि नवं लावलं. मग नुसताच बसला. मला वाटलं, बरं झालं, थोडा वेळ बसू दे. माझा राग अजून गेला नव्हता, पण आता तो त्याच्यावर टाकावासा वाटत नव्हता.

फोन वाजला. मेळाव्याचे लोक होते.

“हो… हो, निघतोय,” तो म्हणाला. “हत्यार तयार आहे… पाटी लावताय? सरांचं नाव मोठ्या अक्षरांत?… हो, मीच सांगितलं होतं…”

तो थांबला. फोनवर हात धरला.

“एक मिनिट,” तो पलीकडच्या माणसाला म्हणाला. “विचारतो.”

त्यानं लॅपटॉपवर ‘तांबोळी रेघ’चं पहिलं पान पुन्हा उघडलं. तांबोळी हा शब्द रुंदच्या रुंद पसरला होता, या काठापासून त्या काठापर्यंत.

“सर…”

सर गाळणीतला चोथा खिडकीतल्या कुंडीत झटकत होते.

“सर, ते पाटी लावतायत. तुमचं नाव आहे त्यावर.” त्याचा आवाज इतका खाली गेला होता की मलाही पुढं वाकावं लागलं. “मी तुम्हाला विचारलं नव्हतं. आता विचारतो. तुमच्या नावाचं काय करू?”

सरांनी गाळणी खुंटीला अडकवली. त्याच्याजवळ आले. त्याच्या कॉलरखालची प्लॅस्टिकची पट्टी दोन बोटांनी ओढून घेतली आणि त्याच्या हातात दिली…

“काढ,” सर म्हणाले.